लाल अळीची साक्ष

१६७५ साली ॲमस्टरडॅममध्ये एका कीटकाचे चरित्र प्रसिद्ध झाले. चरित्रकार होता यान स्वामरडॅम, शिक्षणाने वैद्य आणि वृत्तीने सूक्ष्मदर्शकाचा उपासक. चरित्रनायक होता मेफ्लाय, म्हणजे पाण्यातून वर येऊन काही तास उडणारा आणि त्याच संध्याकाळी मरून पडणारा नाजूक पंखांचा किडा. त्याची ओळख जगाला जुनीच होती. काळ्या समुद्राकडच्या हायपॅनिस नदीवर दिसणाऱ्या, एकच दिवस जगणाऱ्या या प्राण्याची नोंद ॲरिस्टॉटलने करून ठेवली होती, आणि त्यानंतरची जवळजवळ दोन हजार वर्षे विद्वानांचे सारे लक्ष त्या एका दिवसावरच खिळून राहिले. स्वामरडॅमने नदीकाठची चिकणमाती उकरली. तिच्यात बिळे करून राहणाऱ्या अळ्या त्याने कापून पाहिल्या आणि दाखवून दिले की हा किडा चांगली तीन वर्षे जगतो. ती वर्षे तो आपल्या नजरेआड, पाण्याखालच्या मातीत काढतो आणि ती मातीच त्याच्या पोटात सापडते. आकाशातला एक दिवस हा त्याच्या आयुष्याचा केवळ शेवटचा अंक. नदीच्या तळाशी वर्षानुवर्षे राहणारा, तळाचा गाळ अंगाखांद्यावर आणि आतड्यातही वागवणारा प्राणी आपल्याला त्या नदीविषयी काही सांगू शकेल, हा विचार स्वामरडॅमच्या मनात आला नव्हता. त्याला त्या देहरचनेत ईश्वराची करणी दिसत होती. पण आज जगभरच्या प्रयोगशाळांत नदीच्या गाळातले कीटकनाशक जोखण्यासाठी जलकीटक वापरले जातात, त्या प्रथेचा माग काढत आपण मागे मागे गेलो, तर पहिले पाऊल याच चिकणमातीत उमटलेले सापडते.

पुढचे पाऊल पडायला पावणेदोनशे वर्षे जावी लागली, आणि ते कीटकशास्त्रज्ञांनी टाकले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातली शहरे पटकीने हैराण झाली होती. १८५० साली लंडनचे डॉक्टर आर्थर हिल हॅसल यांनी शहराला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यात वळवळणाऱ्या जीवांची चित्रे काढून ती छापली. नळाला येणारे पाणी कुठून येते, हे त्या चित्रांनी लंडनकरांना कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट सांगितले. तीनच वर्षांनी ब्रेस्लाऊ शहरात फर्डिनांड कोन यांनी विहिरींचे पाणी त्यातल्या जीवांवरून पारखायला घेतले. या सगळ्या विखुरलेल्या निरीक्षणांना शास्त्राचे रूप दिले बर्लिनच्या रिचर्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सन यांनी. १९०२पासून त्यांनी ही मांडणी सुरू केली, १९०८मध्ये वनस्पतींची आणि १९०९मध्ये प्राण्यांची सविस्तर यादी दिली. शहराचे सांडपाणी नदीत मिसळते त्या जागेपासून खाली खाली चालत गेलो, तर नदी टप्प्याटप्प्याने स्वतःला शुद्ध करत जाते आणि प्रत्येक टप्प्याचे रहिवासी वेगळे असतात, हा त्या मांडणीचा गाभा. ही 'सॅप्रोबिक' पद्धत युरोपात घट्ट रुजली आणि तिच्या यादीत सर्वांत घाणेरड्या पाण्याच्या बाजूला एक लाल अळी कायमची जाऊन बसली.

ही कायरोनोमसची अळी. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचे खाद्य म्हणून 'ब्लडवर्म' मिळतो तो हाच. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या मिज नावाच्या माशीचे हे बालरूप. तिच्या लाल रंगाचे कारण आपल्या रक्ताच्या लालीचेच, हिमोग्लोबिन. कीटकांमध्ये हे दुर्मीळ आहे. त्याच्या बळावर ही अळी जिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो अशा काळ्या, दुर्गंधी गाळातही नळीसारखे घर बांधून राहते. ऑगस्ट थिनेमान या जर्मन संशोधकाने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे आयफेल डोंगरातल्या ज्वालामुखी-तळ्यांचा अभ्यास करताना तळाशी कोणत्या जातीच्या मिजच्या अळ्या राहतात यावरून सरोवरांचे प्रकारच पाडले आणि पुढे १९५४ साली त्याने या एका कुळावर अवाढव्य ग्रंथ लिहिला. अटलांटिकपलीकडे १९०० साली शिकागो शहराने कालवा खणून आपली नदी उलटी वाहवली आणि मैला इलिनॉय नदीकडे सोडला. तेव्हा स्टीफन फोर्ब्स आणि रॉबर्ट रिचर्डसन यांनी त्या नदीच्या तळाची वर्षानुवर्षे मोजदाद करून घाणीची आघाडी कशी खाली सरकते आहे, हे तळातल्या प्राण्यांवरूनच दाखवले. हा सगळा काळ मैल्याचा होता. त्याने विचारलेला प्रश्नही एकच होता, प्राणवायू उरला आहे की नाही? आणि लाल अळी या प्रश्नाचे उत्तर चोख देत होती. विषाचा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

तो विचारणारी व्यक्ती इतिहासाने बराच काळ बाजूला ठेवली, म्हणून इथे थोडे थांबू. वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या परिसरात शिशाच्या खाणी होत्या आणि त्यांचा गाळ तिथल्या र्‍हायडॉल आणि इस्टविथ या नद्यांमध्ये जात असे. १९२०च्या दशकात कॅथलीन कार्पेंटर या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी हे प्रवाह पायाखाली घातले. पाणी दिसायला स्फटिकासारखे, प्राणवायूने भरलेले, मैल्याचा मागमूस नाही. सॅप्रोबिक यादीप्रमाणे पाहिले तर उत्तम. तरीही त्यात मासे नव्हते, गोगलगायी नव्हत्या, जळवा नव्हत्या. टिकून राहिले होते ते मुख्यतः काही कीटक. पहिल्या पाहणीत र्‍हायडॉलमध्ये जेमतेम चौदा प्रकारचे प्राणी मिळाले. खाणी थंडावत गेल्या तसतशी नदी भरत गेली आणि १९३१-३२ सालच्या पाहणीत हा आकडा शंभरावर गेला. कार्पेंटर यांच्या निरीक्षणातून जे निघाले ते आजच्या साऱ्या पद्धतीचे बीज आहे, असे मला वाटते: प्रत्येक विष आपली माणसे निवडून नेते. मैला ज्यांना नेतो, शिसे त्यांना नेत नाही. तळाशी कोण उरले आणि कोण गेले हे नीट वाचले, तर नदीत घाण आहे एवढेच कळून थांबत नाही, ती कोणत्या जातीची आहे हेही कळू शकते. १९२८ साली त्यांनी 'लाइफ इन इनलँड वॉटर्स' हे पुस्तकही लिहिले. मात्र ज्या विषासाठी हे बीज सर्वांत उपयोगी पडणार होते, ते विष अजून बाजारात यायचे होते.

डीडीटीचा रेणू ओथमार झाइडलर या विद्यार्थ्याने १८७४ सालीच बनवला होता आणि तो फडताळात पडून राहिला. १९३९मध्ये स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीत पाउल म्यूलर यांना त्याची कीटक मारण्याची शक्ती कळली. १९४८ साली त्यांना नोबेल मिळाले. महायुद्धात टायफस आणि हिवताप यांच्याविरुद्ध डीडीटीने लाखो जीव वाचवले, हे विसरून पुढची गोष्ट सांगणे अन्यायाचे होईल. पण त्याच दशकात हे विष जाणूनबुजून नद्यांत ओतले गेले. वाहत्या पाण्यात वाढणारी काळी माशी माणसाला आंधळे करणारा रोग पसरवते. १९४५च्या सुमारास ग्वाटेमालात आणि नंतर केनियात त्या माशीच्या अळ्या मारण्यासाठी प्रवाहांत डीडीटी सोडण्यात आले. पुढे पश्चिम आफ्रिकेत १९७४ साली व्होल्टाच्या खोऱ्यात याच रोगाविरुद्ध मोठी मोहीम उभी राहिली, तेव्हा डीडीटीच्या जागी टेमेफॉस हे कीटकनाशक निवडले गेले आणि नद्यांतल्या इतर कीटकांवर व माशांवर काय परिणाम होतो याची देखरेख पहिल्या दिवसापासून योजनेतच ठेवली गेली. तीस वर्षांत माणूस एवढे शिकला होता, आणि ते शिकवले होते दोन जागांनी.

पहिली जागा कॅलिफोर्नियातले क्लिअर लेक. तिथे येणाऱ्या सुटीकरांना डासासारख्या, न चावणाऱ्या एका किड्याच्या थव्यांचा त्रास होई. १९४९मध्ये आणि पुन्हा १९५४ व १९५७मध्ये डीडीटीचा सख्खा भाऊ डीडीडी त्या तळ्यात अत्यल्प प्रमाणात मिसळला गेला; पहिल्या वेळी सुमारे सात कोटी भाग पाण्याला एक भाग विष. पाण्याच्या बाटलीत सापडणार नाही इतके ते अल्प होते. पण ते पाण्यात राहिलेच नाही. प्लवकांतून माशांत आणि माशांतून ग्रीब पक्ष्यांत चढत गेले, आणि मेलेल्या ग्रीबांच्या चरबीत त्याचे प्रमाण दहा लाख भागांना सोळाशे भाग भरले. दुसरी जागा कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातली मिरामिची नदी. १९५४च्या उन्हाळ्यात स्प्रूसच्या जंगलांतली अळी मारण्यासाठी विमानांतून एकरी अर्धा पौंड डीडीटी फवारले गेले. सामनची त्या वर्षीची पिल्ले गेली आणि त्यांचे अन्न असलेले कीटकही गेले. टोरांटोचे फ्रेडरिक आइड यांनी पुढची अनेक वर्षे ओढ्यांवर जाळ्यांचे पिंजरे लावून पाण्यातून बाहेर पडणारे कीटक मोजले. बारीक मिज लवकर परतले. मोठ्या कॅडिसफ्लाय आणि स्टोनफ्लाय या जलकीटकांना फार वेळ लागला. १९६२ साली रेचेल कार्सन यांनी 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये या दोन्ही जागांची कथा सांगितली आणि ती जगभर गेली.

क्लिअर लेकने एक कोडे घातले होते. विष पाण्यात नाही, मग ते आहे कुठे? त्याचे उत्तर रसायनाच्या स्वभावात आहे. डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान आणि त्यांच्या मागून आलेली सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके पाण्यात विरघळायला नाखूष असतात. पहिल्या पावसात शेतातली माती वाहू लागली की ती बारीक चिकणमातीच्या कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला चिकटून ओढ्यात येतात, आणि जिथे प्रवाह मंदावतो तिथे त्या कणांबरोबर तळाशी बसतात. वरचे पाणी दोन दिवसांत समुद्राकडे निघून जाते. गाळ तिथेच राहतो. म्हणजे विषाचा मुक्काम आणि अळीचे घर एकाच जागी. एवढेच नाही, अळी तोच गाळ खाते. तरीही इंग्लंडमध्ये १९६४ साली ट्रेंट नदीसाठी तयार झालेला निर्देशांक, त्यानंतरची गुणपद्धती, विस्कॉन्सिनमध्ये विल्यम हिल्सेनहॉफ यांनी १९७७ साली काढलेला निर्देशांक, हे सारे मैल्याच्याच मापाने कापलेले होते. त्यांत कीटकाला मिळणारे गुण तो प्राणवायूच्या टंचाईत किती टिकतो यावर ठरत. या काळात हाइन्स या इंग्रज जीवशास्त्रज्ञाचा एक छोटा लेख वेगळा उठून दिसतो. मेंढ्यांच्या अंगावरचे कीटक मारण्यासाठी त्यांना बीएचसीच्या पाण्यात बुडवत. ते पाणी एका लहान ओढ्यात गेले आणि हाइन्स यांनी १९६१मध्ये त्याचा हिशेब मांडला. प्रदूषित पाण्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र हा लेख कार्पेंटर यांच्या कामाचा थेट वारस वाटतो, कारण त्यातही पाणी स्वच्छ आहे आणि तरी तळातली माणसे हरवली आहेत.

मग एक अनपेक्षित वळण आले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ओकानागन नावाचे फळबागांचे खोरे आहे. तिथल्या आणि इतर काही तळ्यांच्या गाळात हॅमिल्टन आणि ओले सेदर यांना विचित्र अळ्या मिळाल्या: डोक्याचे कवच जाड झालेले, जबड्याचे दात वेडेवाकडे. १९७१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि बोट शेतीच्या व कारखान्यांच्या रसायनांकडे दाखवले. आता अळी मेली की जगली एवढाच प्रश्न राहिला नाही. जगलेल्या अळीच्या अंगावरही खूण होती. विल्यम वॉरविक यांनी हा धागा पकडून काळाच्या उलट्या दिशेने प्रवास केला. मिजच्या अळीचे डोके कायटिनचे असते आणि ते गाळात हजारो वर्षे कुजत नाही. ऑन्टारियो सरोवराच्या क्विंटे उपसागरातून त्यांनी गाळाचा उभा स्तंभ काढला आणि १९८० साली अठ्ठावीसशे वर्षांचा इतिहास वाचून दाखवला. युरोपीय वसाहतीपूर्वीच्या थरांत वाकड्या दातांची डोकी हजारांत जेमतेम एक सापडत होती. विसाव्या शतकाच्या थरांत शंभरांत एक-दोन. जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकाला मोडी दफ्तर उलगडताना जे वाटत असेल ते वॉरविक यांना त्या थरांसमोर वाटले असणार. या पद्धतीवर पुढे वीसेक वर्षे मोठी भिस्त ठेवली गेली. पण प्रयोगशाळेत नेमके विष दिले तरी विकृती नेमकी येतेच असे दिसेना, तेव्हा तिचा दिमाख ओसरला. मला हे तिचे अपयश वाटत नाही. धोक्याची घंटा म्हणून ती उत्तम आहे. आरोपपत्र म्हणून अपुरी.

आरोपपत्रासाठी प्रयोग हवा होता. त्याची सुरुवात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाली. तोवर विषाची परीक्षा स्वच्छ पाण्यात आणि पाण्यात पोहणाऱ्या डॅफ्निया नावाच्या इवल्याशा प्राण्यावर किंवा माशांवर होत असे. आता नदीचा गाळच काचपात्रात आणून त्यात प्राणी सोडण्याची कल्पना पुढे आली. १९८४ साली ॲलन नेबेकर आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या गाळाच्या चाचण्यांची रीत नीट बांधून मांडली, दहा वर्षांनी अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिची अधिकृत पुस्तिका काढली आणि २००० साली ती सुधारली. दहा दिवस अळ्या गाळात ठेवायच्या, मग गाळ चाळून किती जगल्या आणि किती वाढल्या ते तोलायचे. लाल अळी या कामासाठी जणू तयारच बसली होती: प्रयोगशाळेत सहज वाढते, आयुष्याचे चक्र काही आठवड्यांत पुरे होते, एकेका अंडीपुंजक्यात शेकडो अंडी. तिचा शास्त्राशी घरोबाही जुना. १८८१ साली एदुआर बाल्बियानी यांना जाडजूड, पट्टेदार गुणसूत्रे पहिल्यांदा दिसली ती हिच्याच लाळग्रंथीत. त्या पट्ट्यांनीच पुढे चाचणीवाल्यांना एक धक्का दिला. अमेरिकी प्रयोगशाळा ज्या जातीला कायरोनोमस टेन्टन्स म्हणत होत्या ती युरोपातल्या टेन्टन्सपेक्षा वेगळी निघाली आणि १९९९मध्ये तिला कायरोनोमस डायल्युटस हे नवे नाव मिळाले. आधीच्या वर्षांचे सारे अहवाल जुन्याच नावाने राहिले. २००४ साली ओईसीडी या देशांच्या संघटनेने आंतरराष्ट्रीय चाचण्या ठरवल्या. त्यांत नदीच्या गाळाऐवजी ठरावीक घटकांचा कृत्रिम गाळ वापरतात: पाऊण भाग बारीक वाळू, पाचवा हिस्सा केओलिन माती आणि शंभरात चार-पाच भाग पीट. त्यात किंवा वरच्या पाण्यात विष मिसळायचे, नुकत्याच जन्मलेल्या अळ्या सोडायच्या आणि अठ्ठावीस दिवसांत किती मिज उडाले, नर किती, मादी किती, ते मोजायचे. पिसासारख्या मिशांचा तो नर.

मधल्या काळात कीटकनाशकांची पिढी बदलली होती. डीडीटीवर अनेक देशांत बंदी आली, त्यामागून आलेल्या ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांवरही पुढे निर्बंध येऊ लागले, आणि १९७३ सालीच इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात मायकेल एलियट यांनी उन्हात न विरणारे परमेथ्रिन जाहीर केले. शेवंतीच्या कुळातल्या फुलातून मिळणाऱ्या जुन्या औषधाचे हे कृत्रिम रूप. पायरेथ्रॉइडांचे हे कुळ कापसाच्या फवारणीपासून डास मारण्याच्या कॉइलपर्यंत सगळीकडे पोहोचले. ते पाण्यात फार काळ सापडत नाही, म्हणून निर्धोक मानले गेले. २००४ साली डोनल्ड वेस्टन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातल्या ओढ्या-कालव्यांचा गाळ आणून त्यात कायरोनोमसच्या अळ्या आणि झिंग्याच्या जातकुळीतला हायलेला नावाचा इवलासा प्राणी सोडला. अनेक ठिकाणच्या गाळात हे प्राणी मेले, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे कारण पायरेथ्रॉइड ठरले. पुढच्याच वर्षी त्यांनी रोझव्हिल गावातल्या निवासी वस्तीचा ओढा तपासला. तिथे शेत नव्हते, घरांच्या बागा होत्या, आणि गाळ तरीही जीवघेणा होता. गाळात शंभर द्रव्ये असताना खुनी कोणता हे कसे ओळखायचे? इथे युक्ती सुंदर होती. पिपेरोनिल ब्युटॉक्साइड हे द्रव्य प्राण्याच्या शरीरातली विष मोडणारी यंत्रणा अडवते. ते घातले की पायरेथ्रॉइडचा घाव वाढतो आणि ऑरगॅनोफॉस्फेटचा उलट कमी होतो, कारण त्याला विषारी व्हायला तीच यंत्रणा लागते. पाणी थंड केले की पायरेथ्रॉइड अधिक मारते. गुन्हेगाराची ओळख त्याच्या सवयींवरून पटवावी तसा हा तपास.

काचपात्रातला पुरावा पक्का होत होता, पण नदीत उभे राहून तिचे निदान करायचे काम बाकी होते. ते जर्मनीतल्या लाइपझिगच्या पर्यावरण संशोधन केंद्रातले मथियास लीस आणि पीटर फॉन डेर ओहे यांनी २००५ साली केले. त्यांनी प्रत्येक जलकीटकाला चार प्रश्न विचारले: कीटकनाशकाला तू किती हळवा आहेस, तुझी पिढी किती काळात पुरी होते, फवारणीच्या मे-जूनमध्ये तू पाण्यातच असतोस का, आणि वरच्या स्वच्छ ओढ्यातून इथे पुन्हा येऊ शकतोस का? उत्तरांवरून काही जाती 'धोक्यातल्या' ठरल्या आणि एखाद्या ओढ्यात त्यांचे प्रमाण किती उरले आहे त्यावरून फवारणीचा मारा किती हे सांगता येऊ लागले. या निर्देशांकाचे नाव स्पिअर. मैल्याचे गुण आणि विषाचे गुण इथे पहिल्यांदा नीट वेगळे झाले. ऐंशी वर्षांपूर्वी कार्पेंटर यांनी र्‍हायडॉलच्या काठावर जे पाहिले होते त्याला आता गणिताचे रूप मिळाले. २०१३मध्ये मिखाइल बेकेटॉव्ह, लीस आणि सहकाऱ्यांनी जर्मनी, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाच्या ओढ्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा कीटकनाशकांच्या माऱ्याखाली तळातल्या जाती-कुळांच्या संख्येत बेचाळीस टक्क्यांपर्यंतची घट दिसली. त्याच वर्षीच्या जुलैत इंग्लंडच्या केनेट नदीवर मार्लबरोच्या खाली सुमारे पंधरा किलोमीटरचा तळ अचानक ओस पडला. प्रयोगशाळेच्या आधी हे लक्षात आले ते दर महिन्याला जाळे घेऊन पाण्यात उतरणाऱ्या गावकरी स्वयंसेवकांच्या. तपासात कारण निघाले क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक. जर्मनीने २०१८ आणि २०१९ साली शंभराहून अधिक लहान ओढ्यांवर पाळत ठेवली. पाऊस पडला की आपोआप पाणी भरून घेणारी यंत्रे लावली, कारण विषाची लाट काही तासांचीच असते आणि ठरलेल्या मंगळवारी भरलेल्या बाटलीत ती सापडत नाही. शेतीच्या परिसरातल्या पाचांपैकी सुमारे चार ओढ्यांत कायद्याची सुरक्षित मर्यादा ओलांडलेली आढळली, आणि हळव्या कीटकांच्या ऱ्हासामागे इतर कारणांपेक्षा कीटकनाशके वरचढ ठरली.

हा सारा प्रवास सरळ चढणीचा आहे असे मानणे मात्र चुकीचे होईल. जुन्या यादीतली सर्वांत चिवट, मैल्यात फोफावणारी लाल अळी फिप्रोनिलसारख्या नव्या विषाला मात्र अत्यंत हळवी निघाली. इमिडाक्लोप्रिडच्या कुळातली द्रव्ये पाण्यात सहज विरघळतात. त्यांचा थोडाच भाग गाळात उतरतो आणि त्यांचा पहिला बळी मेफ्लाय ठरतो, तोही डॅफ्नियाला जाणवणार नाही एवढ्या अल्प मात्रेत. आणि वेस्टन यांनाच २०१३मध्ये आढळले की कॅलिफोर्नियाच्या ओढ्यांतल्या हायलेलांमध्ये पायरेथ्रॉइड पचवण्याची ताकद आली आहे, शेतातल्या किडींमध्ये येते त्याच जनुकीय बदलांनी, आणि तीही वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे. साक्षीदारच विषाला सरावला, तर तो ओढ्यात जिवंत आहे म्हणून ओढा सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही. स्वामरडॅमने ज्या मेफ्लायचे चरित्र लिहिले, ती पालिंजेनिया तर र्‍हाईन नदीतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नाहीशी झाली. आज तिचे थवे पाहायचे तर हंगेरीच्या तिसा नदीवर जावे लागते.

आपल्याकडे या इतिहासाचे धागे विरळ आहेत, पण आहेत. १९१९ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात नेल्सन ॲनन्डेल यांनी मुंबई इलाख्यातल्या काही लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीची पाहणी छापली. डीडीटीपूर्वीच्या सह्याद्रीच्या पाण्याची ही नोंद आज अनमोल आहे. १९५३मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पुढच्याच वर्षी डीडीटी बनवणारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचा एक कारखाना पाताळगंगेकाठच्या रसायनीत उभा राहिला. शेतीसाठी डीडीटी १९८९ साली बंद झाले, बीएचसी १९९७ साली, एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डच तज्ज्ञांच्या मदतीने यमुनेवर तळातल्या प्राण्यांचा अभ्यास करून नद्यांच्या जैविक प्रतवारीचे निकष ठरवले, स्वच्छपासून अतिदूषितपर्यंत पाच वर्गांचे. नेपाळमध्ये सुबोध शर्मा यांनी १९९६ साली हिमालयी कीटकांसाठी स्वतंत्र गुणपद्धती बांधली. या दोन्हींची घडण मैल्याच्या परंपरेतली आहे. फवारणीचे विष वेगळे काढून दाखवणारी स्पिअरची यादी युरोपातल्या जातींवर उभी आहे, आणि कापूस, ऊस, द्राक्षे, डाळिंबे यांच्या रानांतून उतरणाऱ्या आपल्या ओढ्यांत फवारणीचा हंगाम मे-जून नसतो. तो जून ते ऑक्टोबर पसरतो, आणि द्राक्षपट्ट्यात तर हिवाळाभर चालतो. ती यादी इथे जशीच्या तशी लावता येणार नाही. इथल्या मेफ्लायला, कॅडिसफ्लायला, चतुराच्या आणि टाचणीच्या अळ्यांना ते चार प्रश्न नव्याने विचारावे लागतील.

गाळाच्या चाचणीचेही तसेच. ओईसीडीच्या पुस्तिकेत नावाने दिलेल्या जाती तीन: रिपेरियस, डायल्युटस आणि जपानी योशिमात्सुई. आपल्याकडची कायरोनोमस रॅमोसस ही उष्ण प्रदेशातली मिज १९९२ साली शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली, आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात ती अनेक वर्षे पिढ्यान्‌पिढ्या वाढवली गेली आहे. गॅमा किरणांचा प्रचंड मारा सोसूनही तिच्या अळ्या कशा जगतात, त्यांच्या पेशी आणि गुणसूत्रे कशी सावरतात, यावर तिथे बारकाईने काम झाले. म्हणजे अंड्यापासून मिजपर्यंत तिला प्रयोगशाळेत सांभाळण्याची विद्या पुण्यात आहे. तिच्या अळ्या सायपरमेथ्रिन किंवा फिप्रोनिल मिसळलेल्या गाळात सोडून, अठ्ठावीस दिवसांत किती मिज उडाले आणि त्यांत नर-मादी किती, हे मोजायला लागतात ती काचपात्रे, वाळू आणि केओलिन. आणि त्याच्या शेजारी ठेवायला नीरेचा, गोदावरीचा, वर्धेचा, मांडवीचा खराखुरा गाळ.